चौदाव्या नळीचे पाणी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी झोतभट्टीच्या मुख्य व्हॉल्व्हवरची दहा कुलपे निघाली. अकरावे निघाले नाही.

वारा सोडायची वेळ आठची ठरली होती. व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी, साखळीच्या टोकाला भोके पाडलेली पट्टी आणि त्या भोकांत कुलपे. नियम साधा आहे. भट्टी बंद असताना तिच्यावर जो कोणी काम करतो, तो आपले कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. काम संपले की ज्याचे त्याने काढायचे. शेवटचे कुलूप निघाल्याशिवाय चाक फिरत नाही.

उरलेल्या कुलपावर ३१ हा आकडा होता. ते पाणीवालीचे होते.

कंट्रोल रूममधून तिला दोनदा पुकारले गेले. विसरली असेल, असे तिथे सगळ्यांना वाटले. तिसऱ्यांदा पुकारायच्या आधी दुय्यम इंजिनिअर स्वतःच जिना उतरून आला. त्याला कामगार पाठीमागे ‘चष्मा’ म्हणत. पाणीवाली व्हॉल्व्हपासून दहा पावलांवर, उपड्या बादलीवर बसली होती.

“बाई, तुमचं कुलूप राहिलंय.”

“माहितीये.”

“मग काढा की. सगळे खोळंबलेत.”

“काम संपलं की काढते. चौदा नंबरची नळी बदला, माझं काम संपलं.”

चष्म्याने घड्याळ पाहिले. त्यानंतरचे अकरा तास त्या भट्टीवरच्या प्रत्येकाने घड्याळच पाहिले.

भट्टी तीस मीटर उंच आहे. वरून थर टाकायचे, दगडी कोळसा भाजून केलेला कोक, खनिज, चुनखडी आणि पुन्हा कोक. खालून तापवलेला वारा सोडायचा. कोक जळून जो वायू होतो तो वर चढताना खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि मागे लोखंड उरते. ते वितळून कोकच्या फटींतून ठिबकत तळाला जाते. खनिजातली माती चुनखडी धरते, तिची मळी होते आणि ती लोखंडावर तरंगते. दर तीन तासांनी तळाचे मातीने बुजवलेले भोक फोडून दोन्ही बाहेर काढायचे. एवढे शाळेच्या पुस्तकात असते.

पुस्तकात नसते ते असे, की वारा आत नेणाऱ्या अठरा नळ्यांची तोंडे दोन हजार अंशांच्या आगीत असतात आणि त्या नळ्या तांब्याच्या असतात. तांबे त्याच्या निम्म्या तापमानाला वितळते. तरी त्या टिकतात, कारण त्यांच्या भिंती पोकळ आहेत आणि त्या पोकळीतून सतत पाणी धावते. परतीचे पाणी भट्टीभोवतीच्या उघड्या पन्हळीत पडते. एका ओळीत अठरा धारा. त्या धारांवर लक्ष ठेवायचे काम पाणीवालीचे. एकोणीस वर्षे ती तेच करत होती. वय शेहेचाळीस. नवरा दुसऱ्या शहरात बांधकामावर क्रेन चालवतो. घरी सासूबाई. धाकटा दीर याच भट्टीवर, तळाचे भोक फोडणाऱ्या टोळीचा फोरमन.

आदल्या दिवशी संध्याकाळी भट्टी ठरवून बंद केली होती, माथ्यावरचा माल सोडायचा पत्रा बदलण्यासाठी. सहाला वारा बंद झाला. त्याच्या वीस मिनिटे आधी पाणीवालीने शेवटची फेरी मारली. तिची पद्धत अशी, की प्रत्येक नळीचे पाणी क्षणभर आवळायचे आणि परतीच्या धारेखाली तळहात धरायचा. नळीला चीर गेली असेल तर पाण्याचा जोर कमी होताच भट्टीतला वायू चिरेतून पाण्यात घुसतो, आणि धार तळहातावर अडखळते. चौदावी अडखळली. बुडबुडे दिसले. तिने पेटता बोळा धारेजवळ नेला. निळी ज्योत भपकन उठली आणि गेली.

तिने चौदाव्या नळीचे पाणी अंगठ्याएवढ्या धारेवर आणून ठेवले. पाण्याच्या वहीत लिहिले: “१४. बुडबुडे. ज्योत. धार कमी ठेवली आहे. बदला.” खाली वेळ, पाच चाळीस. मग बंदसाठी घेतलेली जादा पाळी संपवून घरी गेली.

इथे तिची चूक झाली, आणि ती तिने पुढे कोणापासून लपवली नाही. बंदच्या काळात काय काय दुरुस्त करायचे याची यादी दुपारी चारलाच झाली होती. एकदा यादी झाली की सगळे यादीकडे बघतात, वही कोणी उघडत नाही. तिने साहेबांसमोर उभे राहून तोंडाने सांगायला हवे होते. तिला वाटले, वाचतील. सकाळी सहाला ती परत आली तेव्हा तिच्या ओळीखाली कोरी जागा होती आणि चौदावी नळी होती तिथेच होती. सव्वासहाला तिने कुलूप लावले. सहा वीसला चष्म्याला सांगितले. सातला चष्म्याने धार तपासली आणि वहीत लिहिले: “तपासली. ठीक.”

साडेआठला मोठे साहेब खाली आले. या भट्टीवर त्यांची बावीस वर्षे झाली होती. आवाज चढवायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी आधी चष्म्याला बोलू दिले.

“सर, मी स्वतः बघितलं. चौदाची धार काचेसारखी आहे. एक बुडबुडा नाही.”

“वारा बंद असताना बुडबुडा येणार कुठून?” पाणीवाली म्हणाली. “आत वायू ढकलायला आहे कोण? पंखा बंद करायचा आणि म्हणायचं, बघा, पडदा हलत नाही, म्हणजे खिडकीला फट नाही. आता पाणी उलटं आत जातंय. ते तुम्हाला पन्हळीत कसं दिसेल?”

चष्म्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “काल गॅसच्या मीटरवर हायड्रोजन थोडा वाढला होता हे खरंय. आत पाणी गेलं की तो वाढतो. पण कोक ओला आला होता. त्यानेही वाढतो.”

“वाढतो ना. म्हणजे तुमचंही खरं असेल. मग दोघांचं बघू. नळी काढा.”

साहेबांनी चष्म्याला वर पाठवले आणि बादलीसमोर उभे राहिले.

“समजा चीर आहे,” ते म्हणाले. “बारीक चीर घेऊन भट्ट्या आठवडाभर चालतात. तुम्हीच चालवल्यात.”

“चालवल्यात. वारा चालू होता तेव्हा. तळ तापलेला होता. चौदा तास थंड झालेल्या तळावर नाही. रात्रभरात किती पाणी आत गेलं मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं?”

“नाही.”

“आता वारा सोडला की पाणीही पूर्ण सोडावं लागणार. पूर्ण सोडलं की ते आत जाणार. कमी ठेवलं तर तांबं वितळून भगदाड पडणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आणि खाली साठलं असेल त्याच्यावर वितळलेलं लोखंड आलं, तर काय होतं ते तुम्ही मला शिकवलंत.”

त्यांनीच शिकवले होते. साठलेल्या पाण्याची वाफ व्हायला हजारपट जागा लागते आणि ती जागा ते समोरची भिंत आणि माणसे सारून करून घेते.

“आता माझं ऐका,” साहेब म्हणाले. “नळी बदलायला अडीच तास. त्यात काही अडकलं तर चार. भट्टी आधीच चौदा तास बंद आहे. तळाचं तापमान घसरतंय. आणखी घसरलं की आतलं लोखंड गोठायला लागेल. एकदा तळ गोठला की भट्टी राहत नाही, दगड राहतो. तो सुरुंग लावून काढतात, सहा महिने. चारशे माणसं घरी बसतील. ही भीती खोटी आहे का?”

“नाही, खरी आहे.”

“मग?”

“भट्टी गोठली तर सहा महिन्यांनी पेटेल,” ती म्हणाली. “माझी भीती खरी ठरली तर भोकासमोरची नऊ माणसं सहा महिन्यांनी उठत नाहीत.”

साहेब गेले. फोन करायला, असे ते म्हणाले.

नऊ वाजता दीर आला. अंगात जाड कोट, डोक्यावर मागे सरकवलेले शिरस्त्राण. त्याची टोळी आठपासून हात बांधून बसली होती आणि आपल्या फोरमनच्या घरातल्याच माणसाने काम अडवले म्हणून त्याला तासभर टोमणे खावे लागले होते.

“वहिनी, काढा ते कुलूप. लोक माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत.”

“वाटू देत भाऊजी. डोकं आहे तोवर वाटतील.”

“तुमचं काय जातंय बोलायला? भट्टी गोठली तर आम्ही काय तिच्यावर कपडे वाळत घालायचे?”

“भोक फोडताना तुमची माणसं कुठे उभी असतात?”

“समोर. आणखी कुठे, छपरावर?”

“आणि तुम्ही?”

“मी ड्रिलच्या बाजूला.” तो थांबला. “हे बघा, मला घाबरवू नका. मी अकरा वर्षं तिथे उभा आहे.”

“म्हणूनच तुम्हाला विचारत्येय. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर म्हणाले असते, बाई घाबरली.”

“म्हणतायतच तसं. पाणीवालीच्या डोक्यात पाणी शिरलं, म्हणतायत.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, तिच्या डोक्यात काही शिरत नाही. आमचा दादा वीस वर्षं प्रयत्न करतोय.”

ती हसली. तो हसला नाही. जाताना तो पन्हळीपाशी उभा राहिला आणि चौदाव्या धारेकडे बराच वेळ बघत राहिला. धार खरोखरच काचेसारखी होती.

कुलपांच्या नियमावलीतला नववा नियम व्हॉल्व्हशेजारच्या पाटीवर छापलेला आहे. कुलपाचा मालक आवारात असेल तर त्याच्याशिवाय कोणीही ते काढणार नाही. मालक आवारात नसेल आणि येऊ शकत नसेल, तर तिघांच्या सह्यांनी ते कापता येईल. नऊ चाळीसला कार्यालयातला एक माणूस आला आणि म्हणाला की बाई थकल्या आहेत, साहेबांनी आजचा दिवस सुट्टी दिली आहे, पूर्ण हजेरी धरून. गेटपाशी गाडी उभी आहे.

“साहेबांना सांगा, मी थकले की सांगेन.”

“मग निदान दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासून या.”

दवाखाना गेटच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे होता. तिने पाटीकडे बोट दाखवले. कार्यालयातल्या माणसाने पाटी वाचली, की वाचल्यासारखे केले, आणि तो परत गेला.

दहा वाजून पाच मिनिटांनी तिच्या खिशातला फोन वाजला. सासूबाई होत्या.

“कुठे आहेस?”

“कामावर.”

“मला तुझ्या कार्यालयातून फोन आला. सूनबाईंची तब्येत बिघडलीय, येऊन घेऊन जा. मी चपला घालून दारात उभी आहे. आवाज तर तुझा ठणठणीत आहे.”

“ठणठणीतच आहे, आई.”

“मग ते खोटं कशाला बोलले?”

पाणीवालीने चार वाक्यांत सांगितले.

“धाकटा कुठे उभा असतो?”

“समोर. ड्रिलच्या बाजूला.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. “मग घरी येऊ नकोस. आणि त्यांचा परत फोन आला तर मी सांगते, मला ऐकू येत नाही. माझ्या वयाला शोभतं ते.”

साडेदहाला साहेब फिटरला घेऊन आले. फिटरच्या हातात लांब दांड्यांचा कटर होता. तिची नजर त्यावर पडली तशी ती बादलीवरून उठली आणि पट्टीशी जाऊन उभी राहिली. तिने कुलपाला हात लावला नाही. ती फक्त तिथे उभी राहिली.

“कापा,” साहेब म्हणाले.

फिटर या कारखान्यात कोणाच्याही बाजूचा माणूस म्हणून ओळखला जात नव्हता. तो पाचला घरी जाणारा माणूस होता. त्याने कटर खांद्यावरून उतरवला आणि जमिनीवर टेकवला.

“कापतो. लेखी द्या.”

“मी इथे उभा राहून सांगतोय ना?”

“तुम्ही सांगताय हे मला कळतंय साहेब. उद्या कोणी विचारलं, बाई आवारात असताना कोणी कापलं, तर मी काय माझे कान दाखवू? दोन ओळी द्या. नियम नऊ बाजूला ठेवून कापावं. खाली सही. लगेच कापतो.”

साहेबांच्या खिशाला पेन होते. त्यांनी ते काढले, कटरकडे पाहिले, पुन्हा खिशाला लावले.

“बाई,” ते म्हणाले, “तुमची चूक निघाली तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही.”

“तुम्ही वाचवू नका. मी मागितलीय कुठे? माझी एक चूक झाली ती मी सांगून टाकली, काल तोंडाने बोलले नाही. म्हणून तर आज बोलत्येय. आणि साहेब, घरी खोटे फोन करू नका. म्हाताऱ्या माणसाने चपला घातल्या होत्या.”

साहेबांनी मान फिरवून कार्यालयाच्या दिशेने पाहिले. फोनचे त्यांना माहीत होते की नव्हते, हे कळायला मार्ग नाही.

अकरा वाजता दीर पुन्हा आला. सोबत दहा लिटरची बादली आणि टोळीतले दोघे.

“वहिनी, उठा. तुमची बादली पण लागेल.”

“काय करणार?”

“मोजणार. वरून सगळे उंटावरून शेळ्या हाकतायत. आत जाणारं पाणी एका बादलीत भरायचं, परत येणारं दुसरीत. जाताना आणि येताना सारखाच वेळ लागला तर चीर नाही. यायला जास्त लागला तर आहे.”

फिटरने आत जाणाऱ्या पाण्याची रबरी नळी सोडवली. सोडताना तो म्हणाला की नळी सोडली की दाब बदलतो, हे मोजमाप पक्के नाही. दीर म्हणाला, “पक्कं तुझ्याकडे असेल तर दे.” फिटरकडे नव्हते.

पहिल्या खेपेस जाणारे पाणी अठ्ठावन्न सेकंदांत भरले, येणारे एकसष्टमध्ये. दुसऱ्या खेपेस अठ्ठावन्न आणि बासष्ट. तिसऱ्या खेपेस दोन्ही एकोणसाठ. चष्मा जिन्यावर उभा राहून पाहत होता. तिसरा आकडा ऐकून तो खाली आला.

“बघा, सारखंच आहे.”

“दोनदा नाही,” पाणीवाली म्हणाली.

“तीन सेकंद हाताच्या चुकीनेही जातात.”

“मग तिसऱ्यांदाही हात चुकला असेल. हात काय तुमच्या बाजूचा आहे?”

दीर दोघांच्या मध्ये ओला उभा होता. त्याने घड्याळ पुन्हा मनगटावर बांधले. “तीनदा मोजलं,” तो म्हणाला. “दोनदा कमी, एकदा बरोबर. मला काही कळत नाही.”

“झालं तर मग,” चष्मा म्हणाला.

“झालं कसं? मला कळत नाही, आणि उभं मला राहायचंय.” त्याने कोटाच्या खिशातून स्वतःचे कुलूप काढले आणि एकतीस नंबरच्या शेजारच्या भोकात अडकवून दाबले. मग वहिनीकडे न बघता म्हणाला, “तुमच्यासाठी नाही हं. उगाच घरी सांगत बसाल.”

टोळीतल्या दोघांनीही आपापली कुलपे लावली. उरलेल्या सहा जणांनी लावली नाहीत. त्यातला एक म्हणाला की त्याची तीन माणसे खाणारी आहेत आणि भट्टी गोठली तर पाणीवाली काही त्याला पोसणार नाही. त्यात खोटे काही नव्हते. लावलेल्या दोघांपैकी एकाला पावणेबाराला कार्यालयात बोलावणे आले. बाराला तो परत आला, त्याने आपले कुलूप काढले आणि तो टोळीत जाऊन बसला. दीर त्याला म्हणाला, “पाणी पितोस का?” तो नको म्हणाला.

पट्टीत तीन कुलपे राहिली.

बारा पस्तीसला साहेबांनी वरून खाली न येता ध्वनिक्षेपकावर सांगितले, “चौदा नंबर बदलायला घ्या.” कारण दिले नाही. त्या आधी त्यांनी पंचवीस मिनिटे फोनवर काढली होती. पलीकडे कोण होते आणि काय बोलणे झाले, याची नोंद नाही.

त्यासोबत एक कागद खाली आला. चष्म्याने आणला. त्यात लिहिले होते की वैयक्तिक शंकेवरून कामगाराने भट्टी सुरू होण्यास साडेचार तास विलंब केला, त्याबद्दल उद्या सकाळी दहाला चौकशीस हजर राहावे. खाली तिच्या सहीसाठी रेघ होती.

तिने दोनदा वाचला. चष्म्याच्याच खिशातले पेन मागून घेतले, ‘वैयक्तिक शंकेवरून’ हे दोन शब्द खोडले, त्यांच्या वर ‘पाच चाळीसला ज्योत पाहिल्यावरून’ असे लिहिले, आणि सही केली.

“असं खोडता येत नाही,” चष्मा म्हणाला.

“खोडलं की.”

“मला नवीन कागद आणावा लागेल.”

“आणा. पेन इथेच ठेवा.”

नवीन कागद आला नाही.

नळी काढायला एक तास पन्नास मिनिटे लागली. वारा बंद करताना प्रत्येक नळीच्या तोंडात ओल्या मातीचा गोळा ठोकलेला असतो. चौदावीचा फोडल्यावर आतून लालसर अंधार दिसला. फिटरने आकडा अडकवून घणाचे ठोके घातले. ती हलेना. नळीच्या फोडलेल्या तोंडातून हवा आत ओढली जात होती, म्हणजे मिनिटागणिक आतला कोक फुकट जळत होता आणि तळ थंड होत होता. पाणीवालीची पाळी दोनला संपली. ती हलली नाही. अडीचला नळी बाहेर आली.

नळीचे तोंड मळीने आणि गोठलेल्या लोखंडाने मुठीएवढे जाड माखले होते. साहेब वाकून बघत राहिले. चष्म्याने विजेरी धरली. चीर दिसली नाही. नाही, असेही म्हणता येईना, कारण तांबे कुठे उघडेच नव्हते.

“ठोकून काढू का कवच?” फिटरने विचारले.

“नको,” साहेब आणि पाणीवाली एकदमच म्हणाले. ठोकताना तांब्याला चीर गेली तर ती आधीची की आत्ताची, हे पुढे कोणी सांगू शकले नसते. नळी तशीच वाळूच्या ढिगावर निवायला ठेवली. प्रयोगशाळेने कळवले की कवच न ठोकता, कापून काढावे लागेल. त्याला दोन दिवस लागतील, आणि कापताना दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हजर हवा.

“दोन्ही बाजू म्हणजे?” दीराने विचारले. “भट्टीला बाजू किती?”

नवी नळी तीन पंचवीसला बसली. पाणीवालीने तिचे पाणी आवळले, सोडले, पुन्हा आवळले आणि धारेखाली हात धरला. वारा नव्हता, तेव्हा हाताला काही कळणार नव्हते. तिलाही ते माहीत होते. तरी तिने धरला. तीन पन्नासला तिने एकतीस नंबरचे कुलूप काढले. मग दीराचे निघाले, मग तिसरे. चार वाजून पाच मिनिटांनी चाक पाव भाग फिरले आणि बावीस तासांनी भट्टीत वारा गेला.

प्रत्येक नळीच्या मागे निळ्या काचेचे एक भोक असते. त्यातून पाहिले की नळीच्या तोंडासमोर कोक जळतो आहे की नाही, ते कळते. जळत असेल तर पांढरा उजेड, नसेल तर काळे. साडेचारला अठरापैकी चार नळ्या उजळल्या. पाचला सात. सव्वापाचला वारा थोडा वाढवला. सहाला तेरा उजळ होत्या, पाच काळ्या. काळ्या पाचही लागोपाठ होत्या, बारापासून सोळापर्यंत. मधली चौदावी.

चष्म्याने वहीत लिहिले की नळी बदलण्यासाठी तेवढाच भाग सर्वांत जास्त वेळ उघडा राहिल्याने तिथला कोक थंड झाला. पाणीवालीने त्याखाली लिहिले की तेवढ्याच भागात रात्रभर पाणी शिरल्याने तो थंड झाला. साहेबांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि दोन्हींसमोर वेळ घातली.

“आता तरी घरी जा,” ते तिला म्हणाले. या वेळी गेटपाशी गाडी नव्हती.

“भोक फोडलं की जाते.”

“तुमच्या थांबण्याने लोखंड लवकर येणार आहे का?”

“माझ्या जाण्याने तरी कुठे येणार आहे?”

ती भोकाच्या मजल्यावर गेली. दीर ड्रिल पुढे घेत होता. टोळी नेहमीप्रमाणे समोर गोळा होत होती. तिने काही म्हणायच्या आधीच तो मागे वळून ओरडला, “समोरून हटा. दोन्ही बाजूंना व्हा. हो, तू पण. कारण मी सांगतोय म्हणून.” तीन माणसे खाणारी असलेला कामगार कुरकुरला, पण बाजूला झाला.

“वहिनी, तुम्ही पण मागे.”

“किती मागे?”

“मला ओरडावं लागेल इतक्या.”

सहा चाळीसला ड्रिल सुरू झाले. पाऊण मीटरवर माती संपली. एक मीटरवर ड्रिलचे टोक लाल झाले आणि कशाला तरी अडले. टोक बदलले. एक मीटर वीसवर पुन्हा अडले. तळाच्या तापमानाचा सहा वाजताचा आकडा कंट्रोल रूमने विचारूनही सांगितला नाही. सात वाजता टोळी तिसरे टोक बसवत होती, काळ्या नळ्या अजून पाचच्या पाच होत्या, आणि भोकातून अजून काही बाहेर आले नव्हते.